पंधराव्या हजारापासून : बंद रेल्वेमार्गावरच्या एका दिवसाचा प्रकरण अभ्यास

हिवाळ्यातला एक दिवस. बंद पडलेला २४ किलोमीटरचा मीटरगेज मार्ग. चालणारी माणसं दोन : मी, वय ४७, आणि माझा धाकटा भाऊ, वय ४१. दुपारी अडीचपर्यंत संपेल असं धरलेलं चालणं संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी एका जुन्या फाटकापाशी, काळोखात, साडेचार किलोमीटर बाकी असताना थांबलं. भावाच्या टाचेला मोठा फोड आलेला, आणि दोघांत मिळून टॉर्च एकच. जिवावर काही बेतलं नाही. तरी हे प्रकरण मी सविस्तर लिहून काढते आहे, कारण गेली चौदा वर्षं मी लोकांना लांबच्या पायी वाटांवर नेते, आणि या चौदा वर्षांत एकाही अनोळखी माणसाच्या बाबतीत न केलेली चूक मी सख्ख्या भावाच्या बाबतीत केली.

मार्ग आणि माणसं

मार्ग बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण रूळ उखडलेले नव्हते. ज्यांच्या ताब्यात तो आहे त्यांच्याकडून तो अधिकृतपणे बंद असल्याचं आम्ही लेखी घेतलं होतं आणि चालायची परवानगीही. हे आधी सांगते, कारण ‘जुना’ मार्ग म्हणजे ‘बंद’ मार्ग नव्हे. गवत माजलेल्या रुळांवरूनही कधीतरी एखादी मालगाडी किंवा देखभालीची ट्रॉली जाऊ शकते. पाहायची खूण म्हणजे रुळाचा माथा. चाकं फिरत असतील तर तो चकाकतो. गाडी थांबली की थोड्याच दिवसांत त्यावर तांबूस थर धरतो. आमच्या रुळांचा माथा आणि बाजू एकाच गडद तपकिरी रंगाच्या होत्या. पण नुसत्या खुणेवर विसंबून कुणी जाऊ नये. कागद हातात हवा.

आम्हा दोघांत भांडण नव्हतं. बोलणंही तुटलं नव्हतं, आटलं होतं. दोन वर्षांत जे फोन झाले ते कामापुरते : एखादी सही, एखादा कागद, एखादी तारीख. अशाच एका फोनच्या शेवटी तो म्हणाला, “ताई, एकदा पूर्ण दिवस रुळांवरून चालूया का?” मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, याला हे फार दिवसांपासून करायचं असणार. त्याला वाटलं होतं, ताईला चालायला आवडतं, तर तिच्या आवडीचं काही काढावं. हे मला खूप नंतर कळलं. दोघंही दुसऱ्याच्या हौसेसाठी निघालो होतो, आणि पुढचा सगळा दिवस याच एका गैरसमजावर चालला.

आणखी एक जुनी गोष्ट इथे नोंदवायला हवी. आमच्यात सहा वर्षांचं अंतर. लहानपणी शाळेत न्यायची-आणायची जबाबदारी माझी. तो दमला की वाटेतच बसकण मारायचा आणि मी म्हणायचे, “ऊठ रे रडक्या.” काही महिन्यांनी तो बसायचा बंद झाला. त्याऐवजी तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत चालायचा. विजेचे खांब, फरश्या, जे दिसेल ते. मला वाटलं, पोरगं शहाणं झालं.

कागदावरचा हिशेब

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला एक ठोकताळा आजही पायी वाटांचं नियोजन करणारे वापरतात : दर ३ मैलांना एक तास, आणि दर २००० फूट चढाला आणखी एक तास. तीन मैल म्हणजे सुमारे ४.८ किलोमीटर. रेल्वेमार्गाला चढ नगण्य. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरतं, त्यात घर्षण इतकं कमी की खडा चढ गाडीला झेपतच नाही. म्हणून डोंगर कापायचा, सखलात भराव घालायचा आणि वाट जवळजवळ सपाट ठेवायची. चढ नाही म्हणजे चढाचा वेळ नाही, असं मी धरलं. ताशी ५ किलोमीटर, २४ किलोमीटरला पावणेपाच तास, वर तासभर विश्रांती. सकाळी साडेआठ-पावणेनऊला निघालो तरी अडीचला संपतं. सूर्यास्त ५ वाजून २० मिनिटांनी. जवळजवळ तीन तास हाताशी शिल्लक.

हिशेब चुकला तो पायाखालच्या जमिनीमुळे. रुळांमधून चालताना पाऊल कुठे पडणार हे स्लीपर, म्हणजे रुळांखाली ओळीने टाकलेले आडवे लाकडी ओंडके, ठरवतात. आमच्या मार्गावर दोन स्लीपरांच्या मध्यांतलं अंतर सुमारे ६५ सेंटिमीटर होतं. मोठ्या माणसाचं रस्त्यावरचं पाऊल साधारण ७५ सेंटिमीटरचं. म्हणजे प्रत्येक पाऊल हातभर आखूड नव्हे, पण चार बोटांनी आखूड टाकायचं. एक स्लीपर सोडून टाकायचं तर सव्वा मीटरची उडी. मधल्या खडीवर पाय टाकावा तर ती मुद्दाम टोकदार, कोनदार असते. गोल गोटे गाडीच्या भाराखाली घरंगळतील, म्हणून फोडलेला दगड घालतात. तो एकमेकांत अडकून घट्ट बसतो. वरचे सुटे दगड मात्र घोटा मुरगाळायला टपलेले असतात. त्यामुळे नजर सतत खाली, पाऊल आखूड, आणि वेग रस्त्यावरच्या वेगाच्या जेमतेम साठ टक्के. रुळांच्या कडेला पायवाट असती तर गोष्ट वेगळी होती. आमच्या मार्गावर ती बहुतेक ठिकाणी काटेरी झुडपांनी गिळली होती.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. स्लीपरांवरून चालणं हळू होतं हे मला माहीत होतं. पण मी मोजून पाहिलं नव्हतं, आणि सोबत गट नव्हता, फक्त भाऊ होता. गट असता तर मी आधीच्या रविवारी तीन किलोमीटर चालून वेग काढून आले असते.

सकाळ

निघायला ८ वाजून ४० मिनिटं झाली. पहिल्या तासातला एक क्षण सांगते, कारण पुढच्या सगळ्या गोष्टींपेक्षा तोच मला जास्त आठवतो. भाऊ रुळापाशी उकिडवा बसला आणि हातमोज्याने रुळाची बाजू घासू लागला. गंजाच्या पापुद्र्यांखालून उठावाची अक्षरं वर आली. कारखान्याची खूण अर्धी खाल्लेली, पण ‘६०’ हा आकडा स्वच्छ. म्हणजे दर यार्डाला ६० पौंड, मीटरला सुमारे ३० किलो. एक रूळ बारा मीटरचा धरला तर साडेतीनशे किलोंहून जास्त. तिथून दोन पावलांवर सांधा होता. दोन रुळांना दोन्ही बाजूंनी धरणारी फिशप्लेट, चार बोल्ट, आणि रुळांच्या टोकांमध्ये फट. त्याने अंगठ्याचं नख फटीत घातलं, ते अख्खं आत गेलं. “उन्हाळ्यात नाही जाणार,” तो म्हणाला. बरोबर होतं त्याचं. बारा मीटरचं पोलाद ३० अंशांच्या फरकाने चार मिलिमीटरहून थोडं अधिक आखडतं. थंडीत प्रत्येक सांधा तेवढा उघडतो, म्हणून हिवाळ्यात गाडीचा खडखड आवाज जास्त स्पष्ट येतो. आम्ही दोघं त्या फटीकडे बराच वेळ पाहत बसलो. कामापलीकडचं असं काही आम्ही दोन वर्षांत बोललो नव्हतो.

मग चालू लागलो, आणि मीटरगेजने आपला नियम लावला. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर बरोबर १००० मिलिमीटर. जाड कपडे घातलेली, पाठीवर पिशवी असलेली दोन मोठी माणसं त्यात खांद्याला खांदा लावून चालू शकत नाहीत. एक पुढे, एक मागे. पुढे मी, हे कुणी ठरवलं नाही. मी नेहमीच पुढे होते.

चौथ्या किलोमीटरला डोंगर कापून काढलेली लांब खिंड लागली; रेल्वेची माणसं तिला कटिंग म्हणतात. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून वाहत येते आणि अशा खोलगट जागी साचते. बाहेर ऊन पडलं होतं तरी आत दहिवर तसंच होतं, स्लीपरांच्या लाकडावर पांढरं, गवतावर ओलं. लाकूड इतकं निसरडं की आम्ही कडेच्या गुडघाभर गवतातून चाललो. बाहेर आलो तेव्हा माझ्या विजारीचे पाय ओले होते, आणि त्याचे मोजेही. माझे बूट घोट्याच्या वर येणारे, त्याचे घोट्याखालचे. मी माझी विजार झटकली. त्याच्या पायांकडे पाहिलं नाही.

फोडाचं मूळ इथे आहे. ओली कातडी मऊ पडते, तिचे थर एकमेकांवर सरकू लागतात, आणि घासण्यापेक्षाही या सरकण्याने आत पाणी धरतं. त्यात आखूड पावलांमुळे टाच दर मिनिटाला जवळपास चाळीस वेळा त्याच जागी दाबली जात होती. आणि थंडीने पाय बधिर, त्यामुळे सुरुवातीची चुरचुर कळतच नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मागून त्याच्या पावलांचा आवाज येत होता, आणि कधीमधी खिशात खडे वाजल्याचा. विचारलं तर म्हणाला, “स्लीपर मोजतोय. शंभर झाले की एक खडा डाव्या खिशातून उजव्यात. दहा खडे झाले की वहीत एक रेघ, आणि वेळ.” मला ते फार गोड वाटलं. म्हणजे याला खरंच मजा येते आहे, असा अर्थ मी लावला.

पूल

तेराव्या किलोमीटरला नदीवरचा पूल आला तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. कागदाप्रमाणे आम्ही एव्हाना शेवटच्या टप्प्यात हवे होतो. अजून अकरा किलोमीटर बाकी होते.

पुलाचा निर्णय आम्ही नीट घेतला, म्हणून तो थोडा खुलवून सांगते. लोखंडी गर्डर, त्यावर थेट टेकवलेले लाकडी स्लीपर, मध्ये खडी नाही. फटींतून खालचं पाणी दिसत होतं. असा पूल लांबून धडधाकट दिसतो, आणि लाकूड फसवतं. स्लीपर टिकावा म्हणून त्याला क्रिओसोट हे काळं, उग्र वासाचं तेल पाजलेलं असतं, पण ते बाहेरच्या थरातच मुरतं. खिळ्यांच्या भोकांतून पावसाचं पाणी गाभ्यात उतरतं आणि लाकूड आतून कुजतं. वरून कवच तसंच राहतं. मी पहिल्या स्लीपरवर काठी आपटली, टणक आवाज आला. दुसऱ्यावर तसाच. तिसऱ्यावर आवाज भद्द आला. चाकू टोचला तर पातं मुठीपर्यंत विनासायास आत गेलं, आणि बाहेर काढल्यावर त्याला ओल्या काथ्यासारखा भुसा लागला होता. भाऊ म्हणाला, “गर्डरच्या बरोबर वर पाय ठेवत गेलो तर?” मी नाही म्हटलं. दहिवराचं पाणी अजून वाळलेलं नव्हतं, कठडा नव्हता आणि परत फिरायला जागा नव्हती. त्याने वाद घातला नाही.

नदीकाठाने दोन किलोमीटर वर रस्त्याचा पूल होता. तिथून पलीकडे उतरून परत दोन किलोमीटर खाली येऊन रूळ गाठायचे. चार किलोमीटरची भर.

रस्त्यावरची पाच मिनिटं

पावणेतीनला आम्ही रस्त्याच्या पुलावर उभे होतो. डांबरी रस्ता, तुरळक का होईना पण येणारी-जाणारी वाहनं, आणि मोबाइलला पुरेशी रेंज. माझ्या एका मैत्रिणीला मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की तीनपर्यंत माझा फोन आला नाही तर तू कर. तिला फोन करून उशीर होईल असं कळवलं. ती म्हणाली, “गाडी घेऊन येऊ का? अर्ध्या तासात पोचते.”

इथे हिशेब अर्ध्या मिनिटाचा होता. परत रुळांपर्यंत दोन किलोमीटर, पुढे अकरा, एकूण तेरा. सकाळचा वेग ताशी तीन. म्हणजे सव्वाचार तासांहून जास्त, सात वाजून जाणार. सूर्यास्त पाच-वीसला, त्यानंतर फार तर अर्धा तास संधिप्रकाश. टॉर्च एक. हा हिशेब माझ्या डोक्यात झाला होता. मैत्रिणीला ‘सांगते’ म्हणून मी फोन ठेवला आणि भावाला विचारलं, “काय करूया?”

तो म्हणाला, “तू म्हणशील तसं.”

मला थांबायचं होतं. हे मी आज प्रामाणिकपणे लिहिते. कंबर अवघडली होती, ऊन उतरू लागलं होतं, आणि अंधारात खडीवरून चालणं म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक होतं. पण त्याच्या खिशातले खडे आठवले. इतक्या मनापासून मोजतोय, वीस हजार झालेत, आता अर्ध्यावर कसं सोडायला सांगू? त्यालाही थांबायचं होतं. त्याच्या मनात होतं की ताईने परवानग्या काढल्या, नकाशे केले, महिनाभर तयारी केली, आणि माझ्या टाचेपायी तिचं सगळं फुकट घालवू?

“चल मग,” मी म्हटलं. तो चालू लागला. मी पुन्हा पुढे.

वही

रुळांवर परत आलो तेव्हा तीन-पंचवीस झाले होते. पुढचे चार किलोमीटर मला फारसे आठवत नाहीत. सरळ मार्ग, दोन्ही बाजूंना भरावाचा उतार, समोर रूळ एकमेकांना टेकल्यासारखे दिसत राहतात आणि तो टेकण्याचा बिंदू तेवढाच लांब राहतो. सपाट, सरळ वाटेवर किती आलो याचा अंदाज माणसाला येत नाही. वळण नाही, चढ नाही, मनात टप्पा पडत नाही. कडेचे किलोमीटरचे दगड तेवढे सांगत होते, आणि ते फार सावकाश येत होते.

सूर्य मावळायला पंधरा मिनिटं असताना, सतराव्या दगडाच्या जरा अलीकडे, मागचा आवाज बदलला. दोन पावलांचा समान ताल जाऊन एक जड, एक हलकं असं ऐकू येऊ लागलं. मी वळले. तो उजवा पाय चवड्यावर टेकवत होता.

बसवलं, बूट काढला. मोजा टाचेला चिकटला होता. गरम पाण्याने भिजवून हळूच सोडवला. फोड मोठ्या सुपारीएवढा होता आणि फुटलेला होता. वरची कातडी दुमडून एका कडेला गेलेली, खालचं मांस लालभडक, मोज्याच्या आतल्या बाजूला गुलाबी डाग.

“कधीपासून दुखतंय?”

“पंधराव्या हजारापासून.”

मला आधी कळलंच नाही. मग त्याने वही पुढे केली. रेघा आणि वेळा. पहिले दहा हजार स्लीपर, हजाराला १३ मिनिटं. मग १४. तेरा मिनिटांत हजार म्हणजे साडेसहाशे मीटर, म्हणजे ताशी तीन किलोमीटर. नियोजनातला माझा पाचचा आकडा चुकीचा आहे हे सकाळी नऊच्या आत, त्याच्या पहिल्या रेघेबरोबरच, कागदावर आलं होतं. फक्त ती वही माझ्या मागे चालत होती. पंधरा हजारांच्या रेघेसमोर वेळ होती सव्वाबारा. रेघ इतरांपेक्षा वाकडी, पेन्सिल दाबून काढलेली. तिथून पुढे आधी १५ मिनिटं, पुलानंतर सरळ १७. त्याच्या पायाचं दुखणं त्या आकड्यांत दर हजाराला उतरत होतं. सव्वाबारा ते पाच, पावणेपाच तास तो गप्प चालला होता. मध्ये साडेबाराच्या सुमाराला आम्ही अर्धा तास बसलोही होतो. त्याने बूट काढला नाही, आणि मी काढायला सांगितलं नाही. गट असता तर त्या विश्रांतीत प्रत्येकाला बूट-मोजे काढायला लावायचे हा माझा शिरस्ता आहे. चौदा वर्षांत एकदाही चुकलेला नाही.

“सांगितलं का नाहीस?”

तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, “सवय नाही ना.”

मी दुमडलेली कातडी तशीच परत जागेवर पसरली. ती फाडू नये, खालच्या मांसाला तेच उत्तम आच्छादन असतं. जाड पट्टीला मधोमध भोक पाडून ती भोवती बसवली, म्हणजे दाब फोडावर न येता कडेवर येतो. वरून दुसरी पट्टी, आणि माझा जादा कोरडा मोजा. हे करताना अंधारू लागलं. तो माझ्या डोक्यावरून मावळतीकडे पाहत होता, आणि मी त्याची टाच मांडीवर घेऊन बसले होते. लहानपणी त्याच्या बुटाच्या नाड्या मी अशाच बांधायची.

फाटक

नकाशावर अडीच किलोमीटर पुढे जुनं फाटक होतं, तिथे रस्ता रूळ ओलांडत होता. २४ पूर्ण करायचा विचार त्या क्षणी संपला. मैत्रिणीला फाटकावर यायला सांगितलं. आणि पहिल्यांदाच मी त्याला पुढे घातलं. टॉर्च माझ्या हातात, मी मागे, उजेड त्याच्या पावलांसमोर. आता त्याचं प्रत्येक पाऊल मला दिसत होतं. तो कुठे थबकतो, कुठल्या स्लीपरवर तोल सावरतो, सगळं. अडीच किलोमीटरला सव्वा तास लागला. त्या सव्वा तासात आम्ही जेवढं बोललो तेवढं आधीच्या आठ तासांत मिळून बोललो नव्हतो. पाठमोऱ्या माणसाशी अंधारात बोलणं सोपं असतं हे मला त्या दिवशी कळलं. त्याला बहुधा सकाळपासून ठाऊक होतं.

त्याने रुळांवरून चालायचं का सुचवलं होतं, हेही तिथेच कळलं.

विश्लेषण

या प्रकरणात तांत्रिक चुका होत्या आणि त्या मी कबूल करते. वेग न मोजता धरला. टॉर्च एकच घेतला, कारण अडीचला परत येणार होतो. त्याचे बूट पाहिले नाहीत. पण यातली कुठलीही चूक एकटी आम्हाला अंधारात नेण्याएवढी मोठी नव्हती. रस्त्याच्या पुलावर सगळ्या एकदम सुधारता आल्या असत्या. गाडी अर्ध्या तासात यायला तयार होती.

तिथे अडलं ते माझ्या प्रश्नामुळे. ‘काय करूया?’ हा प्रश्न मी गटाला कधीच विचारत नाही. अनोळखी माणसांना मी विचारते, “बूट काढून दाखवा.” “सकाळी शंभर होती तर आता किती ताकद उरली, आकडा सांगा.” “इथून गाडीने परत जाता येईल. कुणाला जायचंय?” या प्रश्नांना ‘तुम्ही म्हणाल तसं’ हे उत्तर देताच येत नाही. मी ते तसेच घडवले आहेत, कारण दमलेला माणूस चारचौघांत खोटं बोलतो हे मी वारंवार पाहिलं आहे. भावाच्या बाबतीत मला ते गरजेचे वाटले नाहीत. मी धरून चालले की त्याला काय होतंय ते मला आपोआप कळेल. आणि कळायची एकमेव सोय, म्हणजे डोळे, त्या एक मीटरच्या रुंदीत माझ्याकडे नव्हती. तो मागे होता.

त्याच्या बाजूचंही मी त्याला विचारून लिहिते आहे. पाय दुखतो हे ताईला सांगायचं नसतं, हे त्याने सातव्या वर्षी शिकून घेतलं. मी शिकवलं, हा शब्द माझा. तो तो वापरत नाही. मोजणं ही त्याची गंमत नव्हती, दुखणं सोसायची रीत होती, आणि मी ती उत्साहाची खूण म्हणून वाचली. एरवी कुणीही सहभागी सकाळपासून असा गप्प मोजत चालला असता तर मी दुसऱ्या किलोमीटरलाच त्याच्या शेजारी गेले असते.

पुलावर लाकूड कुजलंय का हे पाहायला मी काठी आपटली, चाकू टोचला, वरच्या कवचावर विश्वास ठेवला नाही. तीन तासांनी बूट काढेपर्यंत हीच तपासणी भावाच्या बाबतीत करायचं मला सुचलं नव्हतं.

बरोबर झालेल्या गोष्टीही नोंदवते, कारण त्यांच्यामुळेच हे प्रकरण फोडावर निभावलं. पूल ओलांडला नाही. घरी थांबलेल्या माणसाला वेळ सांगितलेली होती. पट्ट्या आणि कोरडा मोजा सोबत होता. आणि सतराव्या किलोमीटरनंतर, उशिरा का होईना, हट्ट केला नाही.

माझ्या गटांच्या पद्धतीत यानंतर तीन बदल झाले. रुळांवरच्या वाटेला मी आता ताशी अडीच किलोमीटर धरते आणि पहिल्या तासाअखेर प्रत्यक्ष वेग काढून हिशेब पुन्हा मांडते. आणि एकेरी रांगेत सर्वांत हळू चालणारा पुढे, मी शेवटी. घरचं माणूस गटात असेल तर त्याचे बूट मी स्वतः तपासत नाही, दुसऱ्याला तपासायला सांगते.

उरलेला भाग

टाच भरायला जवळपास तीन आठवडे लागले. थंडी सरायच्या आत उरलेले साडेचार किलोमीटर करूया असं मी सुचवलं. फाटकापासून सुरुवात, दोन तासांचं काम.

“फाटकापासून नाही,” तो म्हणाला. “वही सव्वीस हजारांवर थांबलीय. तिथून.”

म्हणून आम्ही अडीच किलोमीटर मागे, सतराव्या दगडापर्यंत गेलो. त्याने नवे बूट घेतले होते, घोट्याच्या वर येणारे. दगडापाशी उभं राहून त्याने डाव्या खिशात दहा खडे टाकले आणि पुढे झाला. सत्तावीस हजारांच्या रेघेपाशी थांबून त्याने वेळ लिहिली आणि वही माझ्याकडे दिली. मी वेळ पाहिली : १३ मिनिटं. मग विचारलं, “टाच?”

“शंभरातले नव्वद,” तो म्हणाला. थोडं चालून, मागे न वळता, त्याने दुरुस्त केलं : “पंच्याऐंशी. डावा अंगठा जरा लागतोय.”

तिथेच बसून आम्ही डावा बूट काढला.